तालुक्याची वार्ताहरकी सोडून जिल्हा माहिती अधिकारी व्हावं का?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे मधूनच वाचणाऱ्यालाही संदर्भ लागेल. तुम्ही विट्याचे, वय एकोणतीस. बी.ए., मग पत्रकारितेची पदविका, आणि त्यानंतर एका दैनिकासाठी खानापूर तालुक्याची वार्ताहरकी. उत्पन्न बहुतेक जाहिरातींच्या कमिशनवर लटकलेलं. घरून ‘सरकारी बघ’ हा धोशा. माहिती खात्याची जाहिरात निघाली तर अर्ज करावा असं मनात आहे. पण भीती अशी, की पुढची पंचवीस-तीस वर्षं मंत्र्यांचे फोटो आणि दौऱ्यांच्या बातम्या पाठवण्यात जातील आणि आपल्यातला बातमीदार मरेल. आणि शेवटी तुम्ही विचारलंय, ‘या नोकरीत खरं बोलायला जागा असते का?’

मी माहिती व जनसंपर्क महासंचालनालयात, म्हणजे शासनाच्या बातम्या माध्यमांपर्यंत पोचवणाऱ्या माहिती खात्यात, नोकरी केली. मंत्रालयातली काही वर्षं सोडली तर बहुतेक काळ सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत गेला. आता निवृत्त आहे, म्हणून एवढं सैल हाताने लिहितेय. सेवेत असते तर महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ आठवून ‘प्रश्न चांगला आहे’ एवढ्यावर सुटले असते.

तुमचा शेवटचा प्रश्नच खरा आहे. परीक्षा, बदल्या, बढती ही माहिती कुठेही मिळेल, खाली मीही देते. पण खरं बोलायला जागा असते का, याचं माझं उत्तर असं: असते, पण ती आयती मिळत नाही, आणि ती पत्रकार परिषदेच्या टेबलावर शोधू नका. ती ऑफिसच्या आत, बैठकीच्या आधीच्या दहा मिनिटांत असते. आज तुम्ही तहसीलदारांना प्रश्न विचारता आणि ते जे सांगतील ते त्यांच्या नावावर छापता. उद्या तेच उत्तर तुमच्या सहीच्या प्रेसनोटमधून जाणार. उत्तर अर्धवट असेल तर दुसऱ्या दिवशी खोटे तुम्ही पडता, तहसीलदार नाही. त्यामुळे तुमची बहुतेक शक्ती बाहेरच्यांना पटवण्यापेक्षा आपल्याच माणसांकडून पूर्ण उत्तर काढून घेण्यात जाते. हे ज्याला आवडतं तो टिकतो. ज्याला आवडत नाही तोही नोकरीत टिकतोच म्हणा, फक्त तो खरोखर फोटो पाठवत बसतो.

तुमची भीती निम्मी खरी आहे, ते लपवत नाही. पालकमंत्री जिल्ह्यात आले की विश्रामगृह, जिल्हा नियोजन समितीची बैठक, दोन उद्घाटनं, एखादा लाभार्थी मेळावा, आणि हे सगळं बहुधा शनिवार-रविवारी. संध्याकाळी वेळेत नोट आणि फोटो गेले नाहीत तर पानात जागा मिळत नाही, आणि छापून आलं नाही तर सकाळी स्वीय सहायकांचा फोन. स्टेजवरच्या मान्यवरांची नावं क्रमाने लिहायची, एक सुटलं तरी महाभारत. हा भाग कंटाळवाणा आहे आणि निवृत्तीपर्यंत तसाच राहतो. त्याला मी सरावले, पण ते कधी आवडून घेतलं नाही.

रोजचं काम मात्र दौऱ्यांपेक्षा वेगळं. सकाळी उठल्या उठल्या कात्रणं. जिल्ह्यातली वर्तमानपत्रं चाळून प्रशासनाशी संबंधित बातम्या जिल्हाधिकाऱ्यांकडे जायच्या. पूर्वी कागदाला चिकटवून जायच्या, आता व्हॉट्सॲपवर जातात. हे कारकुनी काम वाटतं, पण कोणतं कात्रण सगळ्यात वर ठेवायचं हा निर्णय तुमचा असतो. जत तालुक्यातल्या एखाद्या गावाची चार ओळींची टँकरची बातमी तुम्ही वर ठेवली तर जिल्हाधिकारी नऊ वाजता प्रांतांना (उपविभागीय अधिकाऱ्यांना) फोन लावतात. खाली ठेवली तर ती बातमी तिथेच विरते. मी हळूहळू असं ठरवलं की साहेबांच्या कौतुकाचं कात्रण कधीच वर ठेवायचं नाही. ते त्यांना इतर दहा जण पाठवतातच.

एक गोष्ट इथेच सांगते, कारण उमेदवारांना ती माहीत नसते. जिल्हा माहिती अधिकाऱ्याचे वरिष्ठ खात्यातले असतात, विभागात आणि मुंबईत. रोजचं काम मात्र जिल्हाधिकाऱ्यांबरोबर चालतं. म्हणजे मुंबईहून ‘अमुक योजनेच्या यशकथा आजच पाठवा’ असा निरोप येतो आणि त्याच तासाला इथे आपत्ती व्यवस्थापनाची बैठक लागलेली असते. कुणाला ‘थोडं थांबा’ म्हणायचं हे कुठल्याही नियमपुस्तकात नाही.

आता पूर. हा विषय मी थोडा लांबवणार आहे. या दोन जिल्ह्यांत माहिती अधिकाऱ्याची खरी परीक्षा पावसाळ्यातच होते.

सांगलीत आयर्विन पुलाजवळ ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी, हे तुम्हाला पाठ असेल. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या पुढे गेलं होतं. आता विचार करा, वर साताऱ्यात कोयनेचे दरवाजे उचलले जातात. कोयना धरणाची साठवण क्षमता १०५.२५ टीएमसी (एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट). पाटबंधारे खात्याचा संदेश येतो: इतके फूट दरवाजे उचलले, इतका क्युसेक (म्हणजे सेकंदाला इतके घनफूट) विसर्ग सुरू, नदीकाठच्या गावांनी सतर्क राहावे. अभियंत्याच्या दृष्टीने संदेश परिपूर्ण आहे. पण सांगलीत नदीकाठी सूर्यवंशी प्लॉटमध्ये किंवा कर्नाळ रोडला राहणाऱ्या बाईला क्युसेकशी काय देणंघेणं? तिला एवढंच हवं असतं की माझ्या दारात पाणी येणार का, कधी येणार आणि मी म्हातारीला घेऊन जायचं कुठे. कोयनेचं पाणी कऱ्हाडला प्रीतिसंगमावर कृष्णेत येतं, खाली हरिपूरला वारणा मिळते, मधल्या पाणलोटातला पाऊस वेगळाच. त्यामुळे ‘कोयनेतून इतकं सुटलं म्हणजे सांगलीत इतके फूट वाढणार’ असं सरळ गणित मांडता येत नाही, आणि अभियंता ते लिहून द्यायला तयार नसतो. त्याचंही बरोबर आहे, चुकलं तर मान त्याची.

इथे माहिती अधिकाऱ्याचं काम सुरू होतं. मी अभियंत्यांना ‘अंदाज द्या’ असं कधी म्हणत नसे. मी विचारायची, ‘तुम्ही स्वतः आज रात्री दत्तनगरला राहत असता तर काय केलं असतं?’ त्यावर मिळणारं उत्तर बहुतेक वेळा स्पष्ट असतं: ‘मी संध्याकाळीच निघालो असतो.’ मग ते निवासी उपजिल्हाधिकाऱ्यांपर्यंत न्यायचं, महापालिकेकडून निवारा कुठल्या शाळेत आहे ते पक्कं करायचं, आणि नोट अशी काढायची की पहिल्या ओळीत भागांची नावं, दुसऱ्या ओळीत कधीपर्यंत निघायचं, तिसरीत कुठे जायचं. क्युसेक सगळ्यात शेवटी. ही नोट चार ओळींची असते. तिच्यामागे दोन-तीन तासांचे फोन असतात.

आकड्यांचं भान नसेल तर या काळात माणूस उघडा पडतो. टीएमसी म्हणजे साठा, क्युसेक म्हणजे वेग, एवढं तरी झोपेतही आठवलं पाहिजे. एक लाख क्युसेक विसर्ग पूर्ण दिवस चालला तर साधारण ८.६४ टीएमसी पाणी जातं. हे एक गणित डोक्यात ठेवलं की निम्म्या अफवा जागच्या जागी तपासता येतात. रात्री एखादा वार्ताहर फोन करतो, ‘मॅडम, कोयनेतून पाच लाख क्युसेक सोडलंय म्हणे.’ पाच लाख क्युसेक म्हणजे दिवसाला ४३ टीएमसीच्या वर, म्हणजे अडीच दिवसांत अख्खं धरण रिकामं. असा आकडा बहुधा खाली कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाचा असतो आणि कुणीतरी फॉरवर्ड करताना धरणाचं नाव बदललेलं असतं. हे मी फोनवरच सांगायची, आणि नंतर पाटबंधारे खात्याकडून खात्री करून परत फोन करायची. परत फोन करणं महत्त्वाचं, नुसतं ‘बघते’ म्हणून सोडलं की पुढच्या वेळी तो तुम्हाला विचारत नाही, थेट छापतो.

कोयनेबद्दलच्या अफवांना आणखी एक जुनी पार्श्वभूमी आहे. ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप पाटण खोऱ्यातल्या लोकांच्या आठवणीत अजून आहे. त्यामुळे लहानसा धक्का बसला तरी ‘धरणाला भेग पडली’ ही बातमी कऱ्हाडपर्यंत पोचायला वेळ लागत नाही. अशा वेळी ‘नागरिकांनी अफवांवर विश्वास ठेवू नये’ हे वाक्य मी शक्यतो लिहीत नसे. ते वाचून कुणाचंही भय कमी झालेलं मी पाहिलेलं नाही. त्याऐवजी धक्का किती वाजता बसला, किती तीव्रतेचा, केंद्रबिंदू कुठे, धरणाची पाहणी कुणी आणि कधी केली, एवढं लिहायचं. पाहणी झाली नसेल तर ‘पाहणी सुरू आहे, अमुक वाजता पुन्हा माहिती देऊ’ असं लिहायचं, आणि त्या वेळेला काहीही नवीन नसलं तरी नोट काढायची.

याच जिल्ह्यांचा आणखी एक विचित्रपणा. ऑगस्ट २०१९ मध्ये पलूस, वाळवा, मिरज पाण्याखाली असताना जत-आटपाडीकडे टँकर चालू होते. साताऱ्यातही तेच, महाबळेश्वरला धुवाधार आणि माण-खटावला आभाळाकडे डोळे. एकाच दिवशी बोटींची नोट आणि टँकरची नोट काढावी लागते. तेव्हा दुष्काळी तालुक्यातल्या लोकांना आपण विसरले गेलो असं वाटू नये, म्हणून दुसरी नोट पहिल्याइतक्याच काळजीने लिहावी लागते. तुम्ही विट्याचे, हे तुम्हाला मी सांगायला नको.

आता खुलासा. बातमी आली, प्रशासनाची अब्रू गेली, साहेब म्हणाले ‘खुलासा पाठवा’. संबंधित खात्याकडून मसुदा येतो, त्यात हमखास तीन शब्द असतात: निराधार, दिशाभूल करणारी, खोडसाळ. माझ्या अनुभवात हे शब्द जेवढे जास्त तेवढी बातमी खरी असण्याची शक्यता जास्त. एका दुष्काळी वर्षातली गोष्ट. माणदेशातल्या एका गावात आठ दिवस टँकर आला नाही अशी बातमी होती. खात्याचा खुलासा तयार: टँकर नियमित सुरू, बातमी खोडसाळ. मी खेपांची नोंदवही मागवली. खेपा होत्या, सह्याही होत्या. मग बातमीदाराला फोन केला, तर तो म्हणाला, ‘मॅडम, गावात येतोय की, पण वाडीवर जात नाही. चढाला गाडी निघत नाही म्हणून चालक खालच्या विहिरीत ओतून जातो.’ दोघेही खरे होते. खुलासा गेला नाही. वाडीसाठी लहान टँकर गेला आणि त्याची दोन ओळींची बातमी मी पाठवली. ज्या अधिकाऱ्याचा मसुदा होता तो पुढे बरेच दिवस माझ्याशी धड बोलत नव्हता, हेही सांगून ठेवते. या नोकरीत आतल्या माणसांची नाराजी हा नेहमीचा खर्च आहे.

याचा अर्थ खुलासा कधीच काढू नये असा नाही. बातमी चुकीची असेल तर कागदासह, त्याच दिवशी, एकाही विशेषणाशिवाय काढावा. आणि बातमी खरी असेल तर काय केलं ते लिहावं, अजून काही केलं नसेल तर गप्प बसावं. गप्प बसण्याचा सल्ला जिल्हाधिकाऱ्यांना देणं हेही आपलंच काम.

खरं बोलण्याइतकंच कधी न बोलणं लागतं, त्याचं उदाहरण कोरोनाच्या सुरुवातीचं. मार्च २०२० मध्ये इस्लामपूरला एकाच कुटुंबातले रुग्ण सापडले आणि संख्या वाढत गेली, तेव्हा राज्यभर नजर तिकडे लागली. रुग्णांची नावं, फोटो, पत्ते मोबाइलवर फिरू लागले. अशा वेळी पत्रकार विचारतात, ‘नावं सगळ्यांकडे आहेतच, मग तुम्ही का देत नाही?’ उत्तर एकच: फिरणारं नाव वेगळं आणि शासनाने दिलेलं नाव वेगळं. शासनाने दिलं की त्या घरावर शिक्का बसतो. त्याऐवजी रोज ठरलेल्या वेळी किती तपासण्या, किती बाधित, किती बरे, हे बिनचूक देत राहिलं तर नावाची भूक बऱ्यापैकी कमी होते. पत्रकाराला रिकामं पान छळत असतं, त्याला भरायला काहीतरी द्यावं लागतं.

निवडणुकीचा काळ मी पटकन उरकते. आचारसंहिता लागली की यशकथा बंद, शासकीय जाहिराती बंद, आणि माहिती अधिकारी माध्यम प्रमाणीकरण व संनियंत्रण समितीच्या कामाला जुंपला जातो. टीव्ही, रेडिओ, समाजमाध्यमांवरच्या राजकीय जाहिराती आधी तपासून प्रमाणपत्र द्यायचं. मान्यताप्राप्त पक्षाने किंवा उमेदवाराने जाहिरात दाखवण्याच्या किमान तीन दिवस आधी अर्ज करायचा असतो आणि सगळे आदल्या रात्री येतात. पेड न्यूजवर, म्हणजे पैसे घेऊन छापलेल्या बातम्यांवर, लक्ष ठेवायचं. ही बातमी की जाहिरात, याचा निवाडा करताना तुमचा पत्रकारितेचा अनुभव सर्वांत जास्त उपयोगी पडेल, कारण तालुक्याला पॅकेज कसं ठरतं हे तुम्ही जवळून पाहिलेलं असणार. मी एवढंच म्हणते.

आता जो भाग कुणी लिहीत नाही तो. शासकीय जाहिरातींचं वाटप आणि अधिस्वीकृती पत्रिका (पत्रकाराला शासनमान्यता देणारं ओळखपत्र). वर्तमानपत्रं शासनाच्या यादीवर असतात, खपानुसार अ, ब, क असे वर्ग असतात, २०१८ च्या शासकीय संदेश प्रसार धोरणाने त्याचे नियम घातले आहेत. तुम्ही खुर्चीत बसलात की तुमचे आजचे मित्र, लहान साप्ताहिकांचे संपादक, जाहिरातीसाठी येतील. काहींचं साप्ताहिक खरोखर चालतं, काहींचं फक्त पडताळणीच्या वेळी छापतं. नियमाने ‘नाही’ म्हणालात की तुमच्यावरच बातमी येते. सातारा-सांगलीसारख्या जिल्ह्यात सगळे एकमेकांना ओळखतात, पाहुणेसंबंध निघतात. त्यासाठी माझा उपाय साधा होता: ‘नाही’ हे लेखी द्यायचं, नियमाचा क्रमांक घालून, आणि सगळ्यांना तेच. चहा मात्र प्रत्येकाला पाजायचा.

आणखी एक गंमत. तुमच्या दारावर ‘जिल्हा माहिती कार्यालय’ अशी पाटी असल्यामुळे माहिती अधिकाराचे अर्ज घेऊन माणसं थेट तुमच्याकडे येतील, दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून, सातबाऱ्यापासून घरकुलापर्यंत कशाचेही. २००५ च्या कायद्यातला जन माहिती अधिकारी प्रत्येक कार्यालयात वेगळा असतो हे समजावून त्यांना योग्य टेबलाकडे पाठवावं लागतं. मी त्या लोकांना कधी हटकलं नाही. जिल्ह्यात लोक नेमकं काय शोधतायत याचा अंदाज त्या अर्जांवरून यायचा.

तुमच्यातला बातमीदार मरेल का? नावानिशी लिहिणारा मरेल. तुमच्या नावाची बातमी पुन्हा येणार नाही, तुम्ही लिहिलेलं भाषण दुसरा वाचेल, तुम्ही शोधलेली यशकथा खात्याच्या नावाने ‘लोकराज्य’मध्ये किंवा संकेतस्थळावर जाईल. शासनाच्या धोरणावर स्वतःचं मत जाहीरपणे मांडता येणार नाही, फेसबुकवरही नाही. हे ज्यांना सहन झालं नाही असे चांगले पत्रकार मी नोकरी सोडून गेलेले पाहिलेत आणि त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही. शोधणारा बातमीदार मात्र मरत नाही, उलट त्याच्या हाती आता फायली येतात. त्या फायलीत जे दिसतं ते बाहेर देता येत नाही, पण आत वापरता येतं. तुम्हाला यातलं कुठलं जास्त प्रिय आहे, ते मला इथून सांगता येणार नाही.

आता प्रवेशाचं. या खात्यातली अधिकारी पदं महाराष्ट्र लोकसेवा आयोगामार्फत सरळसेवेने भरली जातात, काही बढतीने. जिल्हा माहिती अधिकारी किंवा वरिष्ठ सहायक संचालक (माहिती) हे गट अ, सहायक संचालक (माहिती) हे गट ब. पदं मोजकी असतात आणि जाहिरात दरवर्षी येईल असं धरू नका. पात्रता, वय, अनुभवाची वर्षं यासाठी त्या-त्या वेळची जाहिरात हाच एकमेव आधार, क्लासवाल्यांचं पत्रक नव्हे. पदवी आणि पत्रकारितेची पदवी किंवा पदविका याबरोबर अनुभव मागतात, आणि तुमच्यासारख्यांची गाडी नेमकी तिथे अडते.

कारण तालुका वार्ताहराकडे ओळखपत्र असतं, नेमणूकपत्र नसतं. मानधन कधी रोख, कधी कमिशनमधून वळतं. पाच वर्षं राबलेला माणूस कागदावर एक दिवसही काम केलेला नसतो. शेकडो छापील बातम्या दाखवल्या तरी त्यातल्या बऱ्याच ‘प्रतिनिधी’ किंवा ‘वार्ताहर’ अशा नावाने असतात. चांगल्या मुलांचे अर्ज एवढ्यावरून अडलेले मला माहीत आहेत. म्हणून अभ्यासाच्या आधी कागद. दैनिकाच्या कार्यालयातून कामाचं स्वरूप, कालावधी आणि मानधन लिहिलेलं अनुभव प्रमाणपत्र मागा, मानधन यापुढे बँक खात्यावर घ्या, नावासह आलेल्या बातम्यांची तारीखवार फाइल करा.

पगार, निवृत्तिवेतन, भत्ते हे त्या वर्गाच्या इतर अधिकाऱ्यांसारखेच, घरच्यांना तेवढं सांगून टाका. बदली राज्यात कुठेही होते. मुंबईत मंत्रालय, विभागीय कार्यालयं, दिल्लीत महाराष्ट्र परिचय केंद्र, किंवा गडचिरोली. बढतीची शिडी आखूड आहे. उपसंचालक, संचालक ही पदं बोटांवर मोजण्यासारखी, आणि सर्वांत वर महासंचालक बहुधा भारतीय प्रशासकीय सेवेतला. म्हणजे महसूल खात्यातला तुमच्या वयाचा मित्र तुमच्या पुढे निघून जाईल, हे आधीच गिळून ठेवा. मुलींनी विचारलं तर मी त्यांना आणखी एक सांगते: पुराच्या आणि निवडणुकीच्या काळात रात्री-बेरात्री काम असतं, घरच्यांशी आधी बोला. मी पहिल्याच वर्षी बोलले होते, म्हणून निभावलं.

जिल्हा माहिती कार्यालय हीच एक वाट नाही. केंद्राची भारतीय माहिती सेवा आहे, तिचा गट अ संघ लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेतून भरतात. प्रशिक्षण दिल्लीच्या भारतीय जनसंचार संस्थेत, नेमणुका पत्र सूचना कार्यालय, आकाशवाणी-दूरदर्शनचे वृत्तविभाग, केंद्रीय संचार ब्युरो अशा ठिकाणी. तिथे सर्वसाधारण वर्गाला ३२ ची वयोमर्यादा आहे, तुमच्याकडे वेळ कमी आहे, आणि ती परीक्षा अर्ध्या मनाने देण्यासारखी नाही. महावितरण, महापालिका, विद्यापीठं यांचे स्वतःचे जनसंपर्क अधिकारी असतात. महावितरणचं काम तर पावसाळ्यात आमच्याइतकंच धकाधकीचं. काही ठिकाणी ही पदं कंत्राटी असतात, तेव्हा ‘सरकारी’ शब्दावर न जाता नेमणुकीच्या अटी वाचा.

सगळं कशावर अवलंबून आहे ते एकत्र सांगते. घराला लगेच स्थिर पैसा हवा असेल तर फक्त या एका जाहिरातीच्या भरवशावर राहू नका, इतर सरळसेवा परीक्षाही द्या. जिल्हाधिकारी कसे मिळतात यावर तुमची निम्मी वर्षं चांगली किंवा वाईट जातील, त्यावर तुमचा ताबा नाही. पण पत्रकार तुमच्या फोनवर रात्री अकरा वाजता बातमी थांबवतात की नाही, हे मात्र तुमच्या हातात आहे. साहेब बदलतात, ती पत तुमच्याबरोबर पुढच्या जिल्ह्यातही जाते. तिथले पत्रकार इथल्यांना फोन करून तुमची चौकशी करतातच.

स्वतःला तपासायचं असेल तर एक करून बघा. टेंभू उपसा सिंचन योजनेच्या आवर्तनाची (ठरलेल्या पाळीने पाणी सोडण्याची) एखादी सरकारी नोट घ्या आणि आटपाडीच्या शेतकऱ्यासाठी पाच ओळींत लिहा: पाणी कधी, कुठल्या गावापर्यंत, पैसे किती आणि कुणाकडे भरायचे. नोटेत यातलं जे सापडणार नाही ते संबंधित शाखा अभियंत्याकडून काढून घ्या. मग त्या पाच ओळी तुमचं नाव न घालता कुठेतरी छापून येऊ द्या. ते करताना मजा आली की जळफळाट झाला, ते बघा.

आणि अनुभव प्रमाणपत्रासाठी दैनिकाच्या जिल्हा कार्यालयात याच महिन्यात जाऊन या. दिवाळी अंकाच्या जाहिरातींची धावपळ सुरू झाली की आवृत्तीप्रमुखांना सही करायला सवड मिळणार नाही, आणि तुम्हालाही ते टार्गेट देऊन परत पाठवतील.